कोरड्या आट्यांचा आकडा

आमच्या गल्लीत अप्पांच्या गाडीला कुणी गाडी म्हणत नाही, रणगाडा म्हणतात. गोल नाकाची, पांढरी, जुन्या काळी साहेबलोकांच्या बंगल्यासमोर उभी असायची तसली. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती सरकारी लिलावात घेतली तेव्हा लातूरच्या बाजारात त्यांचं भुसाराचं दुकान होतं आणि मी शाळेत जात होते. आता दुकान नाही, तसली गाडी बनवणारा कारखाना नाही, आणि मी अकरावी-बारावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवता शिकवता केस पांढरे करून घेतलेत. गाडी तेवढी आहे. तिचं मागचं सीट दिवाणासारखं सलग आहे, माणूस पाय लांब करून झोपू शकतो. सगळा खटाटोप त्या सीटसाठी होता.

गाडीचं वर्षातलं खरं काम एकच, दिवाळीला नांदेडला जाऊन आत्याला घेऊन यायचं. आत्या ही अप्पांची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा परकर-पोलक्यातल्या या मुलीनंच त्यांना न्हाऊ-माखू घातलं, मोठं केलं. ते तिला अक्का म्हणायचे, पण हाक आईला मारावी तशी असायची. आमच्याकडं सणाला लेकीला सासरहून आणायला तिचा भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. आता बहुतेक घरांतून मुराळी हद्दपार झालाय, बायका आपापल्या एसटीत बसून येतात आणि माहेरचं बोलावणं फोनवर उरकतं. आत्याला हे अजिबात मान्य नव्हतं. "मुराळी आल्याबिगर मी उंबरा वलांडणार न्हाई," असं ती दरवर्षी ठणकावून सांगायची. तिचा मुराळी सत्तरी ओलांडून गेला, त्याच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, गाडी त्याच्या हातून निघून माझ्या हातात आली, तरी तो शेजारी टोपी घालून बसायचा आणि आम्ही निघायचो. मला सासर नाही, मी लग्न केलं नाही, त्यामुळं मुराळ्याची वाट बघणं म्हणजे काय हे मला आत्याच्या तोंडावरूनच कळलं. ऐंशी ओलांडलेली बाई दारात पिशवी भरून बसलेली असायची.

तीन वर्षांपूर्वी तिला आणताना लोह्याच्या अलीकडच्या उतारावर ब्रेक गेले. पेडल जमिनीला टेकलं आणि खाली काहीच नव्हतं. मी गाडी गिअरवर आवळत आवळत सोयाबीन काढलेल्या रानात घातली. कुणाला खरचटलंही नाही. आत्या मागून म्हणाली, "हितं कुणाच्या घरी जायचंय?" आम्ही त्या वेळी हसलो. कारण साधं निघालं. पुढच्या चाकात ब्रेकचे लायनर ज्या लोखंडी थाळीवर बसतात, त्या थाळीचे बोल्ट ढिले झाले होते. थाळी हलली, नळी फाटली, ब्रेक ऑइल वाहून गेलं. ते बोल्ट मिस्त्रीनं हाताच्या अंदाजानं आवळले होते. मिस्त्री वाईट नव्हता. त्या दिवशी त्याचा अंदाज चुकला, एवढंच.

तेव्हापासून गाडी शेडमध्ये होती आणि आत्या माहेराला आली नव्हती. मी माझ्या छोट्या गाडीतून न्यायला तयार होते, पण दोन्ही दिवाळ्यांना काही ना काही आडवं आलं. एकदा अप्पांचं आजारपण, एकदा तिच्या घरातलं बाळंतपण. मग यंदा श्रावणात ती न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय बघून डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिला. तिला आडवं राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. टेकून बसवलं तरी ती किंचाळायची.

त्या महिन्यापासून तिनं एकच धोशा लावला, मला एकदा माहेराला न्या. आतेभाऊ भला माणूस, त्यानं अँब्युलन्स ठरवली. आत्यानं फोनवर सगळ्यांवर आगपाखड केली. "माहेराला काय अँब्युलन्समधी जाऊ? मी मेले का? माझा भाऊ कुठं हाय?" माझ्या छोट्या गाडीत तिला आडवं करणं शक्यच नव्हतं. अप्पांनी फोन माझ्या हातात देण्याआधीच शेडची किल्ली शोधायला सुरुवात केली होती. डॉक्टर आतेभावाला बाजूला घेऊन म्हणाले होते की दिवाळीची वाट बघू नका, दसऱ्याच्या आसपास न्यायचं तर न्या.

म्हणजे दसऱ्यापर्यंत ब्रेक व्हायला हवे होते, आणि असे व्हायला हवे होते की आडवी पडलेली मोडक्या खुब्याची म्हातारी मागं असताना मला त्यांचा विचारही करावा लागू नये. मी ठरवलं की या वेळी अंदाज नको. बोल्ट किती जोरानं आवळायचा याचा आकडा कारखान्यानं कुठंतरी लिहिलेला असणार. तो शोधायचा, टॉर्क रेंच आणायचा आणि आकड्याइतकंच आवळायचं. टॉर्क रेंच म्हणजे ठरवलेला जोर झाला की टक्‌ असा आवाज देणारा पाना. मी तो विकत आणला तेव्हा अप्पांनी उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "आता पानाबी बोलायला लागला का?"

आकडा शोधणं म्हणजे डोक्याला नुसता ताप होता. गाडी मूळ एका इंग्रजी गाडीवरून घेतलेली, मग इथं वर्षानुवर्षं तिच्यात बदल होत गेले, आणि कुठल्या साली काय बदललं हे आता सांगायला कुणी बांधील नाही. कुणी इंग्रज म्हातारा आपल्या गॅरेजमध्ये बसून व्हिडिओत पस्तीस म्हणत होता. जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या गटात एकानं सत्तेचाळीस सांगितलं, त्यावर दुसऱ्यानं त्याला मूर्ख ठरवून पाच सांगितलं, आणि मग सगळे एकमेकांची अक्कल काढत बसले. मी दोन संध्याकाळी हे वाचून वैतागले. तिसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर एककांचं रूपांतर लिहिता लिहिता मला हसू फुटलं. पस्तीस फूट-पौंड म्हणजेच सत्तेचाळीस न्यूटन-मीटर, म्हणजेच जवळपास पाच किलोग्रॅम-मीटर. तिघेही एकच सांगत होते आणि भांडत होते. पोरांना वाटलं मॅडमला काहीतरी झालं. मी त्यांना ते गणित घालून टाकलं.

तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आमच्या गाडीचा पुढचा भाग नेमका त्याच नमुन्याचा आहे की नंतरचा, हे नक्की करायला हवं होतं. शेवटी त्या गटातल्या एका भल्या माणसानं कारखान्याच्या छापील पुस्तकातल्या दोन पानांचे फोटो पाठवले. एका पानावर चित्र होतं, ते मी चाकाशी धरून बघितलं, भोकं मोजली, आकार जुळला. आकडा तोच निघाला. माझा जीव भांड्यात पडला. कोष्टकाखाली बारीक अक्षरात तीन-चार टिपा होत्या, फोटोत त्या धूसर आल्या होत्या. मला हवं ते मिळालं होतं, मी फोन बाजूला ठेवला.

बोल्ट मी घासलेटात धुतले, तारेच्या ब्रशानं त्यांचे आटे, म्हणजे पेचाचे वळसे, स्वच्छ केले, फडक्यानं कोरडे पुसले आणि स्टीलच्या ताटलीत मांडून ठेवले. नवे लायनर, नव्या नळ्या नांदेडहून आल्या होत्या. तोवर नवरात्र सरत आलं होतं. मी म्हटलं, दसरा होऊन जाऊ दे, दुसऱ्या दिवशी सकाळी जोडून टाकते, संध्याकाळी चालवून बघू, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी नांदेड. अप्पांनी आत्याला फोन लावला. तिला आता फोन धरवत नव्हता, सून कानाशी धरायची. "अक्का, मुराळी निघायलाय बघ," ते ओरडून म्हणाले. पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. अप्पा फोन ठेवून बराच वेळ टोपीवरची धूळ झटकत बसले.

खंडेनवमीला आमच्या घरात शस्त्रांची पूजा होते. आमच्याकडं शस्त्रं कसली, तर विळी, कात्री, दुकानातला जुना तराजू, वजनं, अप्पांचे पाने आणि गाडी. पूजेला ठेवायचं लोखंड कोरडं ठेवत नाहीत. अप्पांच्या वडिलांपासून हे चालत आलंय, प्रत्येक वस्तू पुसून तिला करडईच्या तेलाचा हात लावायचा, मग हळद-कुंकू. आत्यानंच लहानपणी अप्पांना ते करायला शिकवलं होतं. यंदा मी सकाळी कॉलेजात गेले होते. आल्यावर बघितलं तर पाटावर सगळं मांडलेलं, माझा टॉर्क रेंचही, त्याच्यावर कुंकवाचं बोट. ताटलीतले बोल्टही होते. एकेकावर झेंडूची पाकळी. मला ते बघून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. अक्काला आणायच्या गाडीचे बोल्ट, म्हणून त्यांनी इतर कशाहीपेक्षा ते जास्त मनापासून पुजले होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी रबरी हातमोजे घालून शेडमध्ये बसले. बोल्टांवरचं कुंकू फडक्यानं पुसलं. ते चमकत होते, मला माझ्याच घासण्याचं कौतुक वाटलं. अप्पा स्टुलावर बसून एकेक बोल्ट हातात देत होते. रेंच आकड्यावर लावला. पहिला बोल्ट टक्‌. दुसरा टक्‌. प्रत्येक टक्‌ला अप्पा मान हलवायचे. शेवटचा बोल्ट आवळताना हाताला तो एकदम मऊ लागला. फिरत गेला, फिरत गेला, टक्‌ झालंच नाही. मग डोकं तुटून माझ्या मांडीवर पडलं आणि उरलेला बोल्ट आतच राहिला.

मला काही सुचेना. आकडा बरोबर होता, नमुना बरोबर होता, रेंच नवा होता. मी हातमोजा काढून ते तुटलेलं डोकं उचललं तेव्हा बोटं बुळबुळीत झाली. वास घेतला, करडईचा वास. मी घरात जाऊन फोनवरचा तो फोटो मोठा करकरून बघितला. धूसर टिपांमधली दुसरी टीप होती, हे सर्व आकडे स्वच्छ आणि कोरड्या आट्यांसाठी आहेत.

बोल्ट आवळताना आपल्या जोराचा बहुतेक भाग घर्षणातच जातो, थोडासा बोल्टाला ताणतो. आट्यांना तेल लागलं की घर्षण घटतं आणि त्याच आकड्याला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. हे मी दरवर्षी शिकवते. रागाच्या भरात मी अप्पांनाही तिथंच शिकवलं. "बोल्टांना तेल कुणी लावलं, अप्पा?"

"मी लावलं. पूजेला."

"आकडा कोरड्या बोल्टाचा असतो. तेल लागलं की तोच जोर दुप्पट होऊन बसतो. तुटणारच की!"

ताटलीतल्या शेवटच्या पाकळ्या वेचून अप्पांनी तुळशीत टाकल्या आणि आत जाऊन पडले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. रात्रीच्या जेवणाला मी हाक मारली तेव्हा म्हणाले, "अक्काला काय सांगू?"

पुढचे दिवस नुसते हात चोळण्यात गेले. आत अडकलेला बोल्ट भोक पाडून काढावा लागला, आणि ते काम जपून करणारा टर्नर सणाच्या सुट्टीवर गावाला, जळकोटला गेलेला. तो येईपर्यंत थांबलो. बाकीचे बोल्टही ताणले गेले होते, ते परत वापरण्यात अर्थ नव्हता. जुने इंची आटे असलेले, तेवढ्याच ताकदीचे बोल्ट लातुरात मिळेनात. दुकानदार आताचे मिलीमीटरचे बोल्ट पुढं करायचे आणि म्हणायचे, "बसतंय की मॅडम, थोडं मारून मुटकून." मी प्रत्येकाशी भांडून बाहेर पडायची. उदगीरला विचारलं, देगलूरला ओळखीतून विचारलं. शेवटी आतेभावाला नांदेडच्या एका भंगारवाल्याकडं पाठवलं. त्याला हवे तसे बोल्ट मिळाले, त्यानं एसटीच्या पार्सलानं धाडले. आपली आई अंथरुणावर आणि हा माणूस माझ्यासाठी भंगारात बोल्ट शोधत होता, हे मी विसरणार नाही.

या सगळ्यात आत्या रोज विचारायची. पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ धरला. आधी ती विचारायची, "मुराळी निघाला का?" मग नुसतं "निघाला का?" मग सून सांगायची की त्या दाराकडं बघतायत. अप्पा दर वेळी एकच उत्तर द्यायचे, "गाडी करायलोय, अक्का. आता झालीच." मी एकदा म्हटलं, अप्पा, आपण नुसतं भेटून येऊ, माझ्या गाडीतून. त्यांनी मान हलवली. "मोकळ्या हातानं मुराळी गेला तर ती काय म्हणंल? न्यायला आलास का बघायला, असं विचारंल. मी काय सांगू?" त्यांचा चेहरा बघून मी पुढं रेटलं नाही.

एका चाकाचे नवे बोल्ट कोरडे ठेवून आकड्याइतके आवळून झाले होते, दुसरं चाक अजून उघडंच होतं, तेव्हा सकाळी आतेभावाचा फोन आला. त्यानं "मामा" एवढंच म्हटलं आणि पुढं त्याला बोलवेना. अप्पांनी फोन माझ्याकडं दिला आणि भिंतीला धरून खाली बसले.

बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात आणि ते भावानं न्यायचं असतं. बाजारात ओळखीच्या दुकानदारानं शटर उघडून हिरवं लुगडं काढून दिलं. मी माझी छोटी गाडी काढली. अप्पा शेडकडं न बघता येऊन पुढं बसले, टोपी घातलेली, लुगडं मांडीवर. अहमदपूर गेलं, लोहा आलं. पुढच्या एका उतारावर मी ब्रेक लावला तेव्हा त्यांनी पाय आपल्या बाजूला दाबलेला मला दिसला.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालून, कपाळभर विभूती लावून, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. हे मी शंभरदा बघितलंय, अप्पांनी माझ्यापेक्षा जास्त. त्यांनी तर आपल्या कितीतरी भाऊबंदांना स्वतःच्या हातानं बसवलंय. तरी नांदेडच्या त्या घराचं दार ओलांडलं आणि समोर आत्या दिसली तेव्हा मला धक्का बसला. मधल्या खोलीत, फुलांच्या माळा घालून, ती ताठ बसली होती. श्रावणापासून जिला टेकून बसवता येत नव्हतं, ती मांडी घालून बसली होती, आणि चेहऱ्यावर वेदनेचा मागमूस नव्हता.

बायकांनी वाट करून दिली. अप्पा पुढं गेले, लुगड्याची घडी मोडून त्यांनी तिच्या खांद्यावरून पांघरलं, पदर नीट केला. लहान पोरानं आईचा करावा तसा. मग ते मागं सरकले आणि तिच्याकडं बघत उभे राहिले. बघता बघता त्यांची नजर तिच्या मांडीवर गेली, मग पाठीवर, मग परत मांडीवर. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"माय," ते अगदी हळू म्हणाले, "अक्का बसली की गं."

मी त्यांचा दंड धरला.

"मग तुझ्या गाडीत बसून आली असती," ते म्हणाले. "आपुन उगी थांबलो."

"नसती आली, अप्पा. तिला बसवत नव्हतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खोटं बोलतेय असं त्यांना वाटलं असावं. "ही बघ, बसलीय," ते म्हणाले, आणि सगळ्या माणसांसमोर, आत्याच्या पुढ्यात जाऊन मांडी घालून बसले.